अठरा खोल्यांचं हॉटेल आणि ‘स्मोकिंग रूम’

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या पानावर आणि तीही जाता जाता आली आहे. महाबळेश्वरच्या ज्या हॉटेलात तुम्ही उतरलात, त्यात एकूण खोल्या अठरा. पहिली दोन पानं तुम्ही मॅनेजरच्या उर्मटपणावर खर्ची घातलीत. त्याचा राग मलाही आला, पण त्यावर खटला चालत नाही. तुमचा खटला चालणार आहे तो या अठरा आकड्यावर.

घडलं ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बुकिंगच्या वेबसाइटवरून दोन रात्रींचे पैसे आधी भरलेले. शुक्रवार, 7 जून 2024 च्या रात्री ठाण्याहून हे कुटुंब पोचलं, सोबत दम्याच्या पेशंट असलेल्या सासूबाई. खोलीत शिरताच शिळ्या सिगारेटचा वास, टेबलावर काचेचा अ‍ॅशट्रे, टेबलक्लॉथला जळल्याची दोन भोकं. माकडं आत येतात म्हणून खिडकीला जाळी ठोकलेली, खिडकी जेमतेम चार बोटं उघडणारी. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बाहेर न उघडता पॅसेजमध्ये उघडणारा. दुसरी खोली रिकामी नव्हती. रात्री एकच्या सुमाराला सासूबाईंना धाप लागली, दवाखान्यात नेबुलायझर द्यावा लागला आणि उरलेली रात्र दुसऱ्या हॉटेलात दुप्पट भाडं भरून काढली. पहिल्या हॉटेलनं पैसे परत केले नाहीत. 3 जुलै 2024 ला त्यांनी ईमेल पाठवली की ती खोली ‘स्मोकिंग कॅटेगरी’चीच होती, व्हाउचरवर तसं लिहिलेलं होतं, त्यामुळे परतावा मिळणार नाही.

याच ईमेलनं तुम्ही हात टेकलेत. तुम्ही लिहिता, ‘व्हाउचर नीट पाहिलं तर खरंच बारीक अक्षरात स्मोकिंग असं छापलंय, म्हणजे चूक आमचीच म्हणायची.’ मला पाठवलेल्या व्हाउचरच्या फोटोत मीही ती ओळ पाहिली. बुकिंग करताना ती वाचायला हवी होती, हे मी बोलणारच. घरात दम्याचं माणूस असताना रूमचा प्रकार न बघता पैसे भरणं हा निष्काळजीपणा आहे आणि समोरचा वकील तो ग्राहक आयोगापुढे मांडल्याशिवाय राहणार नाही. पण त्या ओळीला घाबरून तुम्ही जवळजवळ दोन वर्षं तक्रार न करता बसलात, ते मात्र पूर्ण चुकलं. ती ओळ तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

कारण सांगते. सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांबाबतचा 2003 चा कायदा, ज्याला आम्ही वकील कोटपा म्हणतो, त्याचं कलम 4 सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालतं. त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या वाक्यात, तीस खोल्यांचं हॉटेल, तीस आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची सवलत आहे. मग 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले. त्यातल्या नियम 4 चा उपनियम 4 खास हॉटेलच्या खोल्यांबद्दल आहे. तीस किंवा त्याहून जास्त खोल्या असलेल्या हॉटेलच्या मालकाला काही खोल्या ‘स्मोकिंग रूम’ म्हणून राखता येतात. त्या सगळ्या एकाच मजल्यावर किंवा एकाच विंगमध्ये, स्वतंत्र विभाग करून असायला हव्यात. त्यांच्यावर इंग्रजीत आणि एका भारतीय भाषेत तशी पाटी हवी. आणि आतला धूर बाहेर मोकळ्या हवेत गेला पाहिजे, लॉबीत आणि पॅसेजमध्ये झिरपता कामा नये.

मजला, पाटी, एक्झॉस्ट या पुढच्या अटी आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचा अधिकार तीस खोल्यांचा उंबरा ओलांडल्यावर मिळतो. तुमच्या हॉटेलचा आकडा अठरा आहे. तेव्हा या हॉटेलात ‘स्मोकिंग रूम’ असूच शकत नाही. जी गोष्ट विकायची कायद्यानं परवानगी नाही ती त्यांनी तुम्हाला विकली, व्हाउचरवर छापून विकली आणि वर लेखी कबूलही केली. 3 जुलैची ती ईमेल त्यांनी बचाव म्हणून लिहिली, पण मी ती तुमच्या तक्रारीला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडेन.

हे ग्राहक कायद्यात कसं बसतं, तेही याच धाग्यात आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची व्याख्या कलम 2(11) मध्ये आहे. करारात कबूल केलेला दर्जा मिळाला नाही तर ती त्रुटी असतेच, पण कुठल्याही कायद्यानं राखायला लावलेला दर्जा राखला नाही तरीही ती त्रुटी ठरते. हॉटेल म्हणेल, करारात स्मोकिंग रूम ठरली होती, आम्ही तीच दिली. त्याला उत्तर असं की कायद्यानं ठरवलेला दर्जा करारातल्या एका ओळीनं खाली आणता येत नाही. तुम्ही ती ओळ वाचली होती की नव्हती, हा मुद्दा त्यामुळे बराच मागे पडतो.

आता समोरून काय येईल, तेही सांगून ठेवते. हॉटेलचा वकील म्हणेल, भाड्यानं दिलेली खोली ही त्या पाहुण्याची खासगी जागा, ती ‘सार्वजनिक ठिकाण’ कशी? कायद्याच्या व्याख्येत रेस्टॉरंट आहे, वाचनालय आहे, रेल्वेची वेटिंग रूम आहे, हॉटेलची खोली नावानिशी नाही. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही आणि आयोगापुढे तो शंभर टक्के टिकणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. खोली मुळातच बंदीबाहेर असती, तर तीस खोल्यांच्या हॉटेलला खोल्या राखून ठेवायची वेगळी परवानगी नियमात लिहायची गरजच पडली नसती.

दुसरं उत्तर मला तुमच्या पत्रातच सापडलं. दार उघडून द्यायला आलेला हाऊसकीपिंगचा मुलगा तुम्हाला म्हणाला होता, ‘मॅडम, या रूमचं असंच आहे, पडदे धुतले तरी वास जात नाही.’ 2008 च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत कामाची ठिकाणं घातली आहेत. पाहुण्यासाठी ती दोन रात्रींची खोली असेल. त्या मुलासाठी ती रोजची कामाची जागा आहे. रोज दहा-अकरा वाजता तो तिथे बादली घेऊन शिरतो, अ‍ॅशट्रे रिकामा करतो, चादरी झटकतो, पडदे उतरवतो आणि रात्रभर कोंडलेली हवा सगळ्यात आधी छातीत घेतो. खोली खासगी म्हणणाऱ्याला हा मुलगा दिसतच नाही. तुमच्या तक्रारीत त्याचं वाक्य जसंच्या तसं यायला हवं. त्याचं नाव मात्र घालू नका, त्याची नोकरी जाईल.

मी आधी तारखेकडे यायला हवं होतं, कारण तिच्यावाचून वरचं सगळं वाया जाईल. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत कलम 69 नुसार दोन वर्षांची आहे. 7 जून 2024 च्या रात्रीपासून मोजलं तर शेवटचा दिवस 7 जून 2026, आणि त्या दिवशी रविवार आहे. सुट्टी म्हणून सोमवारी दाखल केलं तरी चालेल, असं कोणी सांगेल. परतावा नाकारल्याच्या 3 जुलैच्या ईमेलपासून मुदत मोजावी, असाही युक्तिवाद करता येतो. दोन्ही मी करेन, पण उशीर होऊनच गेला असेल तर. हातात दिवस असताना असल्या आधारावर बसून राहणं म्हणजे स्वतःच्या हातानं हॉटेलला बचाव काढून देणं. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं. ‘हॉटेलवाले मॅनेजमेंटशी बोलून कळवतो म्हणत होते’ हे कारण मी किती फायलींमध्ये वाचलं असेल! ते क्वचितच पुरतं. ईमेलची देवाणघेवाण चालू असली म्हणून मुदत थांबत नाही, आणि नुसती वकिलाची नोटीस पाठवल्यानंही ती वाढत नाही. चौदा महिने तुम्ही त्यांच्या आश्वासनांची वाट पाहिलीत. ते चौदा महिने त्यांनी फुकट मिळवले.

आणखी एका गोष्टीचं वाईट वाटलं. तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू मॅनेजरनं अब्रुनुकसानीची धमकी देताच काढून टाकलात, आणि त्यासोबत लावलेले अ‍ॅशट्रेचे, टेबलक्लॉथचे फोटोही फोनमधून उडवलेत. खरं घडलेलं, लोकांच्या हिताचं, पुराव्यासकट लिहिलं असेल तर अशा धमकीनं घाबरायचं कारण नसतं. आता रिव्ह्यू परत टाकू नका, तक्रार दाखल होईपर्यंत तरी नाही. पण ते फोटो तुम्ही त्या रात्री कुणाला तरी पाठवले असतील. नणंदेला, घरच्या ग्रुपवर, कुणालाही. जिथे गेले असतील तिथून मिळवा आणि ज्या फोनमध्ये ते सापडतील तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र त्या फोनच्या मालकाच्या आणि तज्ज्ञाच्या सहीनं जोडू. आयोग पुराव्याच्या कायद्यावर कोर्टाइतका अडून बसत नाही, तरी कागद पुरा असलेला बरा.

खोल्या अठराच आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. हॉटेलच्या वेबसाइटवर तसं लिहिलंय असं तुम्ही म्हणता. मग आजच, हे वाचून संपायच्या आधी, त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. नोटीस गेल्यावर असली पानं बदलतात, हा माझा अनुभव आहे. त्यासोबत माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. हॉटेल महाबळेश्वर गिरिस्थान नगर परिषदेच्या हद्दीत असेल तर तिथे, आजूबाजूच्या गावात असेल तर त्या ग्रामपंचायतीत. मालमत्ता कराच्या आकारणीत आणि ना-हरकत दाखल्यात किती खोल्या नोंदल्या आहेत, एवढंच विचारा. उत्तराला 30 दिवस लागतात, तेही वेळेवर दिलं तर. तुमच्या हातात दोन महिनेही नाहीत, म्हणून अर्ज या आठवड्यातच गेला पाहिजे. उत्तर आलं नाही तरी तक्रार थांबवायची नाही, ते मागाहून जोडता येईल. मधल्या काळात हॉटेलनं खोल्या वाढवल्या असतील, तर जून 2024 ला किती होत्या हे विचारायला विसरू नका.

खटला कुठे चालेल, याची चिंता सोडा. साताऱ्याला खेपा घालायची गरज नाही. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जायची मुभा दिली आहे, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे. व्हाउचरच्या अटींमध्ये ‘वाद फक्त सातारा न्यायालयांच्या कक्षेत’ असं छापलेलं दिसतंय, त्यानं ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्क लागत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. बुकिंग वेबसाइटलाही सामनेवाला, म्हणजे प्रतिपक्ष, करा. ती ‘आम्ही फक्त मधले’ म्हणणार, आणि तिच्यावर किती जबाबदारी बसेल हे मी आज सांगू शकत नाही. पण रूमच्या प्रकाराची नोंद हॉटेलनं तिच्याकडे काय केली होती, तो रेकॉर्ड तिच्याकडे आहे.

सासूबाईंच्या नावावर बुकिंग नव्हतं म्हणून त्यांना तक्रार करता येणार नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ते बरोबर नाही. पैसे भरणाऱ्याच्या संमतीनं सेवा घेणाराही कायद्यानं ग्राहकच असतो. त्यांना दुसऱ्या तक्रारदार करा. धाप त्या खोलीतल्या वासानंच लागली का, यावर मात्र मी फार भार टाकणार नाही. महाबळेश्वरची जूनमधली ओली, गार हवा समोरचा वकील पुढे करेल, आणि डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलेलं नाही. म्हणून दहा लाखांच्या मागण्या करू नका. दोन रात्रींचं भाडं, दुसऱ्या हॉटेलचं बिल, दवाखान्याचा खर्च, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढं मागा. आणि एक मागणी यांच्याइतकीच ठळक लिहा, की हॉटेलनं आपल्या खोल्या ‘स्मोकिंग’ म्हणून देणं बंद करावं. अनुचित व्यापारी प्रथा थांबवायचा आदेश आयोग कलम 39 खाली देऊ शकतो. पैशांपेक्षा हा आदेश मला जास्त मोलाचा वाटतो, कारण पुढच्या जूनमध्ये त्याच खोलीत दुसऱ्या कुणाच्या सासूबाई उतरणार आहेत.

पोलिसांत किंवा जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे जाण्याबद्दल विचारलंय. जरूर जा, पण फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. कोटपाखाली सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याला दंड जास्तीत जास्त 200 रुपये, आणि त्या रात्री खोलीत प्रत्यक्ष ओढताना कुणी सापडलेलं नाही. तपासणी झाली तर अ‍ॅशट्रे आणि गायब असलेली धूम्रपानबंदीची पाटी यांची नोंद होईल. तेवढी तुम्हाला पुरे.

या महिन्यात अशी आणखी पत्रं आली आहेत. त्यातली बरीच दुसऱ्या टोकाची आहेत. नो-स्मोकिंग खोलीत सिगारेट ओढल्याचा आरोप ठेवून हॉटेलनं डिपॉझिटमधून पाच-दहा हजार कापले, ओढली नसतानाही. त्यांना इथे एवढंच सांगते की करारात रक्कम लिहिली आहे म्हणून ती आपोआप देय होत नाही. करार कायद्याच्या कलम 74 नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलं आहे की नुकसानच झालं नसेल तर या कलमाखाली भरपाईही नाही. चेक-आउट करताना खोलीचा एक छोटा व्हिडिओ काढत चला. हॉटेलचं नुकसान खरंच झालं असेल, गादी जळली असेल, तर मात्र भांडू नका, भरा.

तुम्ही शेवटी माझं मत विचारलंय, हॉटेलच्या खोल्यांत सरसकट बंदी हवी का. हवी, असंच माझं मत आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2 नोव्हेंबर 2001 ला मुरली देवरा यांच्या याचिकेवर रुग्णालयं, शाळा, वाचनालयं, कोर्टं, रेल्वे अशा जागांत धूम्रपान थांबवलं. त्या यादीत हॉटेलं नव्हती. दोन वर्षांनी कायदा आला, त्यात हॉटेलं आली पण तीसचा आकडा घेऊन. हॉटेलचालक म्हणतात, खोलीत बंदी केली तर लोक बाथरूममध्ये, बाल्कनीत लपून ओढतील, पडदे पेटतील, त्यापेक्षा चार खोल्या नेमून दिलेल्या बऱ्या. परदेशी पाहुणे जातील, ही भीतीही ऐकते. छोट्या हॉटेलवाल्यांचं आणखी एक म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे: मोठ्याला मुभा आणि आम्हाला नाही, हा कुठला न्याय? मलाही तो न्याय वाटत नाही. पण तो भेद छोट्यांना मुभा देऊन मिटवायचा नाही, मोठ्यांची काढून मिटवायचा. धूर खोल्या मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारतानं 2004 मध्ये मान्यता दिली. त्या कराराच्या कलम 8 ची 2007 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की वेगळी खोली आणि हवा खेचणारी यंत्रणा यांनी दुसऱ्याच्या धुरापासून संरक्षण होत नाही.

आपल्या आरोग्य मंत्रालयानं 2020 च्या अखेरीला कोटपा दुरुस्तीचा मसुदा काढला. हॉटेल आणि रेस्टॉरंटांमधल्या राखीव जागा बंद करायच्या, 200 चा दंड 2,000 करायचा, असं त्यात होतं. तो मसुदा कायदा होऊ शकला नाही. इच्छा असली की काम होतं, हे आपल्या राज्यानंच दाखवलं आहे. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत चौदा जीव गेले, तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांवर ठपका आला आणि 2018 मध्ये महाराष्ट्रानं याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. हॉटेलच्या खोल्यांसाठी कुणाचे जीव जायची वाट पाहायची? हे मी फार पोटतिडकीनं लिहिते आहे, कारण बंद खोलीतल्या हवेनं गुदमरलेली माणसं माझ्या केबिनमध्ये येऊन बसलेली मी पाहिली आहेत.

निकाल कधी लागेल हे मात्र मला विचारू नका. कायदा म्हणतो, सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत. सामनेवाल्याला उत्तर द्यायला तीस दिवस, वर जास्तीत जास्त पंधरा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा सक्तीची असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, वर्षं जातात, आणि दम्याच्या म्हाताऱ्या तक्रारदाराला तारखेला येऊन बाकावर बसावं लागतं. याचा मला संताप आहे आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही. आयोगानं मध्यस्थी सुचवली आणि हॉटेल भाडं परत करून ‘स्मोकिंग’चा प्रकार वेबसाइटवरून काढायला लेखी तयार झालं, तर मी तुम्हाला ते घ्यायला सांगेन.

या आठवड्यात करायचं ते असं. बुकिंगची आणि 3 जुलैची अशा दोन्ही ईमेल मूळ स्वरूपात जपा, फॉरवर्ड केलेली प्रत पुरत नाही. दवाखान्याच्या कागदावर रात्रीची वेळ लिहिलेली आहे, त्या शाईवर पाणी पडलेलं फोटोत दिसतंय, तेव्हा आजच त्याची रंगीत प्रत काढून ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. आणि सासूबाईंना प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीकडे न्यायचं असेल, तर पावसाळा सुरू व्हायच्या आत न्या.